दहा वाजता लाव

विन्या, दमलोय रे. तू गेल्याचं दुःख आहेच, ते कुठे जात नाही, पण आत्ता आधी पाठ दुखतेय. या वयात गाडीखाली उताणं पडू नये. पडलं तरी चालेल एक वेळ, पण मग परत उठायच्या भानगडीत पडू नये. मंगलने पाठीला मलम चोळता चोळता विचारलं, "अहो, खाली शोधत काय होतात एवढं?" मी म्हटलं, "विन्याची जागा." ती नुसती जरा जोरात चोळायला लागली.

बाकी तुझ्याबद्दल जे बोलायचं ते शोकसभेत बोलून झालं. ऑफिसातली झाडून सगळी आली होती. तुला 'मनमिळाऊ' म्हणाले. मी मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसलो, कारण वर बघितलं असतं तर हसलो असतो. समोरासमोरच्या टेबलांवर बसून आपण दोघं म्हातारे झालो, त्यात तू माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीस. मनमिळाऊ म्हणे. मलाही बोलायला उभं केलं. मी "विनायक आणि मी" एवढं म्हणालो आणि थांबलो. सवयीने थांबलो रे. इथे तू तोंड घालणार, ही सवय. तू काही घातलं नाहीस, आणि मला पुढचं वाक्य येतच नव्हतं. लोकांना वाटलं, गहिवरलो. कुणीतरी पाण्याचा ग्लास आणला. बसलो खाली.

मग सुतक संपल्यावर शुभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, गाडीचं काय करायचं?"

तुझी मलईच्या रंगाची गाडी. लालबागची तुमची चाळ पडून टॉवर झाला, तेव्हा सगळ्यांनी नव्या घरात नवे सोफे घेतले आणि तू ही कुणाची तरी जुनी गाडी घेऊन आलास. तिला कार्बोरेटर होता, म्हणजे पेट्रोल आणि हवा किती मिसळायची ते एका पितळी स्क्रूवर ठरत होतं, आणि तो स्क्रू ठरवणार होतास तू. तिथपासून आपल्या दोघांच्या म्हातारपणाला कामधंदा मिळाला.

वहिनी म्हणाल्या, "कागद नवे करायचे तर धुराची चाचणी पास व्हावी लागते. मागच्या खेपेला नापास झाली होती. या वेळी पास झाली तर ठेवते. नाही झाली तर भंगारवाल्याला सांगितलंय, शुक्रवारी येईल. खिडकीतनं खाली बघितलं की तीच दिसते, भाऊजी. एक तर ती चालली पाहिजे, नाही तर गेली पाहिजे. मधलं मला नाही सहन होत."

मी म्हटलं, "बघतो."

आपण ऑफिसात ज्या अर्थाने 'बघतो' म्हणायचो ना, त्याच अर्थाने म्हणालो होतो. वहिनींनी ते खरं धरलं.

गाडीपाशी गेलो. पुढचा कप्पा उघडला तर त्यात खोकल्याच्या गोळ्या, पिवळं फडकं आणि नव्या सेन्सरचा डबा. न उघडलेला. तो कुठे बसवायचा यावर आपलं भांडण अर्धं राहिलंय, हे त्या डब्याला माहीत असल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता.

भांडणाची सुरुवात तुला आठवत असेल. एक दिवस डबा खाताना तू जाहीर केलंस की गाडी पेट्रोल फार पिते, आणि त्याचं कारण आपण अंदाजाने स्क्रू पिळतो. आता अंदाज बंद. गाडीच्या धुराच्या पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर बसवायचा. धुरात प्राणवायू उरलेला सापडला तर समजायचं, पेट्रोल कमी पडतंय. काहीच उरला नसेल तर पेट्रोल जास्त होतंय. डॅशबोर्डवर मीटर, त्यात आकडा, पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग ते सांगणारा. चौदा पॉइंट सात आला की सोनं. आकडा वर गेला की गाडी उपाशी, खाली आला की गाडीला अजीर्ण. उपाशी आणि अजीर्ण हे शब्द माझे. ते तू पुढे सगळीकडे स्वतःचे म्हणून वापरलेस.

"जळून गेल्यावर मागे काय उरतं, त्यावरनं आत काय चाललं होतं ते कळतं बाळ्या," तू म्हणालास. बोटाला तिखट लागलेलं होतं, ते चाटत म्हणालास. धुराबद्दल म्हणालास. मला मात्र ते वाक्य त्या दिवशी स्मशानात आठवलं. चिमणीतून धूर येत होता, जरा काळा. सगळे हात जोडून उभे, आणि माझ्या मनात आलं, अजीर्ण. शेजारी तू असतास तर तेवढ्या आवाजात बोलला असतास की गुरुजींनाही ऐकू गेलं असतं. मी खोकल्याचं निमित्त करून बाजूला गेलो. तुझ्या भाच्याने पाठीवरून हात फिरवला. या पंधरवड्यात माझ्या पाठीवरून फार लोकांनी हात फिरवलाय, विन्या.

पहिला सेन्सर माझ्या जागेवर बसला. माझी जागा म्हणजे मागे, सायलेन्सरच्या जवळ. माझं म्हणणं साधं होतं, तिथे हात पोचतो. तू म्हणत होतास पुढे, इंजिनाजवळ, जिथे सगळ्या नळ्या एकत्र येतात तिथून थोडं खाली. मी म्हटलं, तिथे भट्टी असते, जळून जाईल. तू म्हणालास, मागे गार पडतो, खोटं वाचेल. त्या वेळी तू गावाहून येताना आणलेला फणस खाऊन पोट बिघडवून बसला होतास, म्हणून मी जिंकलो. लालबागच्या पुलाखालच्या मोहसीनने सायलेन्सरच्या अलीकडे भोक पाडून त्यावर जाड नट वेल्ड केला आणि त्यात सेन्सर पिळून बसवला. मीटर लागला. आकडा आला सतरा.

"उपाशी आहे बिचारी," मी म्हणालो.

मग आपण तिला खायला घातलं. स्क्रू सैल केला, पेट्रोल वाढवलं. आकडा सतराच. कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं ते टोक, बदलून मोठा घातला. तरी सतरा. आणखी मोठा घातला. पाइपच्या जोडाला गंजून भोक पडलंय, त्यातून बाहेरची हवा आत शिरतेय, आणि सेन्सर तीच हवा हुंगून 'उपाशी, उपाशी' म्हणून ओरडतोय, हे आपल्याला कुठे माहीत. अजीर्ण झालेल्या बाईला आपण वाडगं भरभरून बासुंदी पाजत होतो.

वर तुझी हुशारी अशी, की मीटरवर विश्वास नको, आता वासाने खात्री करू. पेट्रोल जास्त असेल तर धुराला वास येतो. सकाळी रस्ता मोकळा कुठे मिळेल, तर कफ परेडला. तिथे जाऊन तू गाडी नेमकी मच्छीमार नगरापाशी उभी केलीस, इंजिन चालू ठेवलंस, आणि आपण दोघं शहाणे मागे ओणवे होऊन वास घ्यायला लागलो. आख्ख्या मुंबईत जिथे वासाने काहीही ठरवता येणार नाही अशी एकच जागा, ती आपण शोधून काढली होती.

"मला पेट्रोल येतंय," तू म्हणालास.

"मला बोंबील येतोय," मी म्हणालो.

"नीट घे."

"नीटच घेतोय. सुका आहे."

तेवढ्यात मागून आवाज आला, "ए भाऊ, ती तुमची चूल घेऊन पलीकडं जा. माझं बोंबील काळं करताय." वळून बघितलं तर काठ्यांवर टांगलेल्या बोंबलांच्या रांगेवरनं आपला धूर चालला होता, शाईसारखा. त्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "दोघं म्हातारं आणि एका गाडीच्या ढुंगणाशी भांडतंय," असं त्या शेजारणीला म्हणाल्या, आपल्याला ऐकू जाईल अशा बेताने. तू ओशाळून त्यांच्याकडनं पिशवीभर सुके बोंबील घेतलेस आणि डिकीत टाकलेस. नंतर पुढे कितीतरी दिवस गाडीत बसलं की कळायचं नाही, इंजिन बिघडलंय का डिकी.

मग ते गंजकं भोक सापडलं आणि माझी जागा बाद झाली; मोठा जेट मात्र खरा आकडा मिळेपर्यंत तसाच राहिला. तू तीन दिवस ऑफिसात जो भेटेल त्याला "बासुंदी" एवढंच सांगत होतास.

आणि मग दहा वाजताचं प्रकरण. ते मी शोकसभेत सांगणार होतो. सांगितलं असतं तर सभा उधळली असती.

तू घराची कौलं परतायला मालवणला गेला होतास. तुमच्या गावी रेंज यायची एका फणसाखाली. तिथून तू ओरडलास, "बाळ्या, मोहसीनकडे जा. सेन्सर पुढे घे, माझ्या जागेवर. आणि ऐक, दहा वाजता लाव. दहा ते दोन कुठेही चालेल. पण सहा वाजता अजिबात लावू नको, पाणी जाईल." फोन कट.

आता मला सांग, यात न कळण्यासारखं काय होतं? ठाकूरद्वारला आमच्या फणसवाडीत सहा वाजता नळाचं पाणी जातं. जन्मापासून जातं. मी समजलो, वेल्डिंग गार करायला पाणी लागत असेल. दहा ते दोन हेही पटलं, आपल्या ऑफिसात कॅश काउंटर तेवढाच वेळ उघडा असायचा. फक्त एक गोष्ट मनाला लागली. राहुकाळ बघणाऱ्यांची जन्मभर टिंगल करणारा माणूस आता घड्याळ बघून नट लावायला सांगतोय. म्हटलं, वय झालं विन्याचं. कळवळलो रे तुझ्यासाठी.

मोहसीन नऊलाच तयार होता. मी त्याला थांबवलं. "मुहूर्त है क्या काका?" त्याने विचारलं. मी गंभीरपणे म्हटलं, "विनायकसाहेबांनी सांगितलंय." त्याने टोपी काढून ठेवली, चहा मागवला, तो संपला, दुसरा मागवला. बरोबर दहाच्या ठोक्याला मी मान हलवली आणि ठिणग्या उडाल्या. गाडी वर चढवलेली, तो खाली उभा, त्यामुळे त्याच्या हाताला सगळ्यात सोपी जागा पाइपच्या पोटाशी. तिथेच त्याने नट लावला. थेट खाली.

तू गावाहून आलास तो बॅग टाकून गाडीखाली शिरलास. मला बाहेरनं तुझे पायच दिसत होते, तपकिरी मोजे आणि लाल मातीने भरलेल्या चपला. मग खालूनच विचारलंस, "बाळ्या, हे किती वाजता लावलंस?"

"बरोबर दहाला. मिनिटभर इकडेतिकडे नाही."

"आणि पाणी?"

"होतं की. सहाला जातं, आपण दहाला उरकलं."

मग तुझे पाय हलायला लागले. आधी मला वाटलं, झटकाबिटका आला. मग कळलं, पाय हसतायत. माणूस गाडीखाली हसला की ते पायांतून बाहेर पडतं, हे मला तेव्हा कळलं. बाहेर येऊन तू जमिनीवर बोटाने गोल काढलास, त्यात घड्याळाचे आकडे घातलेस. हा पाइप समज. दहा वाजता म्हणजे इथे, वरच्या अंगाला, तिरका. सहा म्हणजे तळाला, जिथे गार पाइपातलं पाणी साठतं आणि सेन्सर बुडून मरतो. "बाळ्या," तू डोळे पुसत म्हणालास, "तू पाइपचं ऑपरेशन मुहूर्तावर केलंस रे."

सेन्सर आठवड्यात मेला. मी म्हटलं, बघ, तुझी जागाच वाईट. तू म्हणालास, जागा बरोबर, वेळ चुकली. तुझ्या जागेचा निकाल लागलाच नाही. पुढे माझ्या हातून काहीही बिघडलं, चुकीच्या बसमध्ये चढलो, मंगलच्या साडीला चुकीचा फॉल आणला, की तू भुवई वर करून विचारायचास, "दहा वाजता?"

नवीन सेन्सर तू मागवलास आणि तो यायच्या आत तुझा खोकला वाढला. पुढचं मी लिहीत नाही. परळचं ते हॉस्पिटल, ती लिफ्ट, तो फिनेलचा वास, सगळं तुझ्यापेक्षा मला जास्त पाठ झालंय. तू तर डोळे मिटून होतास बराच वेळ. फुप्फुसं, म्हणाले. तुझ्या बोटाला चिमटा लावला होता, रक्तातला प्राणवायू मोजायचा. आकडा खाली आला की सिस्टर येऊन तुझं बोट चोळायची, "बोट थंड पडलंय, म्हणून चुकीचं दाखवतंय."

तू नाकातली नळी सरळ करून माझ्याकडे वळलास. दम लागत होता, तरी. "ऐकलंस? थंड टोकाला लावला की खोटं वाचतो. बोट म्हणजे सायलेन्सरच झाला की रे."

"मग काय छातीला भोक पाडून नट लावायचा?" मी म्हटलं.

"मोहसीनला बोलव."

"दहा वाजता बोलवू?"

तू हसलास आणि तो आकडा आणखी खाली गेला. सिस्टर मला म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा बरं."

बाहेर डॉक्टरांनी गाठलं मला. त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. वहिनींना आधीच सांगितलेलं होतं. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या, हातात रिकामा थर्मास. म्हणाल्या, "त्यांना काही बोललेलं नाही. भाऊजी, तुम्ही आत गेलात की नेहमीसारखं भांडा. तुम्ही गोड बोललात तर त्यांना लगेच कळेल."

इतकं अवघड काम मला कुणी कधी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तयारी करून आलो. ठाकूरद्वारपासून परळपर्यंत टॅक्सीत बसून तुझ्याशी भांडायचे मुद्दे पाठ करत होतो. टॅक्सीवाल्याला वाटलं, फोनवर आहे. आत आलो आणि स्टूल ओढायच्या आत सुरू केलं. सेन्सर मागेच बसला पाहिजे. गंजकं भोक बुजवलं की झालं. पुढे तो भाजून निघेल. तुझी अक्कल आधीच भाजून निघालीय. आवाजही बऱ्यापैकी चढवला. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा उठून बसले.

तू ऐकत होतास. एकदाही मधे तोंड घातलं नाहीस. मी बोलत राहिलो, वाक्यामागून वाक्य पुरं होत गेलं. शेवटी तू म्हणालास, "बरं. तुझ्या जागेवर लाव."

"काय?"

"मागे. तू म्हणतोस तसं. लाव तिथे."

विन्या, तू मला उभ्या जन्मात कधी 'बरं' म्हणाला नव्हतास. मी घाबरून ओरडलो, "डोकं फिरलंय का तुझं? मागे खोटं वाचतो तो. गार पडतो. पुढेच लावायला पाहिजे, नळ्या एकत्र येतात तिथे."

तू डोळे मिटलेस. मिशीतल्या मिशीत हसलास. "आता कळलं ना तुला," एवढं म्हणालास, आणि झोप लागली तुला. मी जरा वेळ बसलो. मग निघालो. ते शेवटचं.

तेव्हापासून मी हाच एक हिशोब करत बसलोय. तू मला अडकवलंस, की निरोप घेतलास? माझ्याच तोंडून तुझी जागा वदवून घ्यायला तू हा सापळा लावलास, ही शक्यता मोठी आहे. तू त्यातलाच आहेस. ऑफिसात मोठ्या साहेबांच्याही तोंडून तू असंच वदवून घ्यायचास. पण तुझा तो 'बरं' मला झोपू देत नव्हता. शोकसभेतही लोक मनमिळाऊ वगैरे म्हणत होते तेव्हा माझ्या कानात तोच वाजत होता.

तर आज मोहसीनकडे गेलो. डबा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "पुढे. इंजिनाजवळ, नळ्या मिळतात त्याच्या खाली. आणि दहा वाजता."

त्याने डबा फिरवून बघितला, मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. चेहरा सरळ. "काका, दहा तर वाजून गेले. उद्या येता का?"

त्याने मान वळवली, पण त्याचे खांदे हलत होते. मग माझेही हलायला लागले. दोघंही तसेच उभे, एकमेकांकडे न बघता. "चांगला माणूस होता," तो म्हणाला, "दिमाग खायचा, पण चांगला." बघ, शोकसभेत एवढी भाषणं झाली, कुणाला एवढं नीट बोलता आलं नाही.

सहा वाजताचं जुनं भोक त्याने बुजवलं, दहा वाजता नवं पाडलं. नट बरोबर तिरका लागलाय का ते मला बघायचं होतं. तो म्हणाला, "मी सांगतो ना." मी म्हटलं, नाही, मला स्वतःला बघायचंय. शिरलो खाली. उताणा पडून ती जागा बघितली. वेल्डिंगचा डाग अजून गरम होता. बाहेर लोकांना माझे पायच दिसत असणार. हसत नव्हते ते, एवढं सांगतो.

इंजिन चालू केलं. आकडा आला साडेअकरा. अजीर्ण. केव्हाचं ते अजीर्ण, आपण घातलेल्या बासुंदीचं. मोहसीनने जुना बारीक जेट परत घातला, मी मीटर वाचत होतो आणि तो स्क्रू हलके हलके पिळत होता. बारा. तेरा. तेरा, तेरा. चौदा. एका क्षणी आवाज बदलला. इतकी वर्षं ती गाडी कुरकुरत होती हे ती थांबल्यावर मला कळलं. आकडा चौदा पॉइंट सातच्या आसपास हलत राहिला, जरा खाली, जरा वर.

वहिनींना बोलावून घेतलं. चाचणीला त्या स्वतः आल्या, पर्स छातीशी धरून, निकालाला आल्यासारख्या. त्या माणसाने मागे पाइपात नळी घातली, यंत्राकडे बघितलं आणि न विचारताच म्हणाला, "पास आहे मावशी." छापलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग भंगारवाल्याला फोन लावला, "शुक्रवारी येऊ नका," एवढं सांगितलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसल्या. तुझ्या नव्हे, शेजारच्या. तुझ्यावर मी होतो. सीट पुढे सरकवावी लागली, तुझे पाय लांब.

परळच्या सिग्नलला थांबलो. वहिनी मीटरकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "मग भाऊजी, जागा कुणाची बरोबर निघाली?"

आता सांगायचं म्हणजे एक शब्द. तोंडाशी आला होता. पण इतक्या वर्षांचं वळण आहे रे. म्हटलं, "माझी."

वहिनींनी पर्समधून रुमाल काढला. मला वाटलं, डोळ्यांना लावणार. त्यांनी तोंडावर धरला. हसत होत्या.

"त्या दिवशी तुम्ही भांडून गेलात ना, त्यानंतर संध्याकाळी जागे झाले तेव्हा मला म्हणाले, गाडी कधी झालीच नीट तर बाळ्याला विचार, जागा कुणाची बरोबर निघाली. 'माझी' म्हणाला तर समज, बरा आहे. 'विन्याची' म्हणाला तर त्याला तसाच डॉक्टरकडे घेऊन जा. बाळ्या दुसऱ्याचं कबूल करायला लागला म्हणजे त्याचं काही खरं नाही."

सिग्नल हिरवा झाला होता. मागचा हॉर्न वाजवत होता, त्याच्या मागचाही. त्या दुपारी तूही माझं कबूल केलं होतंस; तुझा तो 'बरं' काय होता ते मला तिथे कळलं, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये घालायला मला जरा वेळ लागला. वहिनींनी कागद घडी करून पुढच्या कप्प्यात ठेवला, खोकल्याच्या गोळ्यांजवळ.

मी ठणठणीत आहे, विन्या. पाठ तेवढी दुखतेय. आणि नट वीतभर मागे लावला असता तरी चाललं असतं.